पत्र ज्याच्या नावाचं, त्याचं

परबकाका गेल्याचं मला कळलं ते दुपारी पावणेतीनला, बहरैनमध्ये, सीफ भागातल्या माझ्या ऑफिसात, एका मीटिंगच्या मधोमध. टेबलावर उलटा ठेवलेला फोन दोनदा थरथरून थांबला आणि पुन्हा थरथरू लागला, तेव्हा मी माफी मागून बाहेर पॅसेजमध्ये आले. संदेशचा, त्यांच्या मुलाचा कॉल होता. संदेश मला कधी फोन करत नसे. सणाला मेसेज यायचा, तेवढाच. "ताई, बाबा गेले," तो म्हणाला. पुतण्याच्या लग्नासाठी काका महिन्याभराची रजा घेऊन कुडाळजवळच्या आपल्या गावी गेले होते. लग्न झालं, पाहुणे परतले, आणि त्या दिवशी जेवून ओटीवर आडवे झाले ते तिकडच्या साडेचारला सून चहा घेऊन गेली तेव्हा उठलेच नाहीत. संदेश अगदी शांतपणे सांगत होता, जणू दुसऱ्या कुणाचं तरी. शेवटी मात्र जरा अडखळला. म्हणाला, "ताई, त्या म्हाताऱ्या अरबांना तुम्हीच सांगा. नंबर आहे माझ्याकडे, पण मी सांगू कुठल्या भाषेत?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि टॅक्सीने मनामाला गेले. सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत कापडाच्या एका दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. जिन्याच्या चौदा पायऱ्या मी कितीतरी शुक्रवारी चढले असेन, त्या दिवशी त्या जड गेल्या. अबू यासिर एकटेच बसले होते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला हा बहरैनी माणूस आता ऐंशीच्या घरात आहे. मला अवेळी आलेली पाहूनच त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी सांगितलं. ते आपल्या धर्मातले मरणाच्या वेळचे शब्द पुटपुटले, आणि मग इंग्रजीत एवढंच विचारलं, "झोपेत?"

"हो."

"अल्हम्दुलिल्ला," ते म्हणाले आणि उठून चहा करायला गेले. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे चहा केलेला मी पाहिला नव्हता, तो परबकाकाच करायचे. बराच वेळ कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज येत राहिला. त्यांना साखर सापडत नव्हती. मलाही माहीत नव्हतं ती कुठे असते ते... शेवटी आम्ही दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.

अनंत धोंडू परब हे व्यवसायाने बाईंडर. मुंबईत एका छापखान्यात जुजबंदीची कामं करत वाढलेले, पुढे बहरैनला आले आणि सूकमधल्या एका छपाईच्या दुकानात लागले. व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकं, लॅमिनेशन, लग्नपत्रिका असलं त्या दुकानाचं काम. माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकामुळे. आई वसईत वारली आणि तिचं मराठी प्रार्थनेचं पुस्तक माझ्याबरोबर इकडे आलं. पानं सुटलेली, पुठ्ठा गेलेला. मी ते प्लास्टिकच्या पिशवीतून दुकानात नेलं आणि हिंदीत विचारलं, शिवून मिळेल का. काउंटरमागच्या बारीक, काळ्यासावळ्या माणसाने एक पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि सावकाश वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ह्या तर मराठी. खयची गो तू, बाय?"

"वसईची."

"मगे हिंदीत कित्या बोलतंस?"

पुस्तक आठ दिवसांनी मिळालं. शिवण इतकी बेताची, की पुस्तक टेबलावर ठेवलं तर कुठल्याही पानाला आपण होऊन उघडं राहायचं. आईने जिथे जिथे बोटाने पान मळवलं होतं ते डाग त्यांनी तसेच ठेवले होते. मी म्हटलं, हे पुसता आले नसते का? तर म्हणाले, "येतत पुसूक. पण मगे ता तुझ्या आवशीचा पुस्तक रवणा नाय." माझं नाव फिलोमिना. त्या दिवसापासून मी त्यांची फिलूबाय झाले.

अबू यासिर त्या दुकानात गेले ते साधारण याच सुमारास. त्यांच्या आजीची एक अमेरिकन मैत्रीण होती, कोरा नावाची. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बायकांच्या दवाखान्यात नर्स म्हणून ती इथे आली आणि पंचवीसएक वर्षं राहिली. दर आठवड्याला ती अमेरिकेतल्या आपल्या बहिणीला, रूथला, पत्र लिहायची. रूथच्या नातवंडांनी माळा आवरताना ती सगळी पत्रं एका ट्रंकेत भरली आणि पत्रांमध्ये जिचं नाव पुन्हा पुन्हा येतं त्या बहरैनी मैत्रिणीच्या घराण्याचा पत्ता शोधून इकडे पाठवून दिली. पत्रांबरोबर दवाखान्याच्या वह्या होत्या, पावत्या, नकाशे, एका अमेरिकन शाळामास्तरणीची रोजनिशी, आणखी बरंच काही. अबू यासिरांनी यासाठीच या दोन खोल्या राखल्या, आणि ओल्या हवेने पत्रं मोडायला लागलेली पाहून घाबरून दहा पत्रं लॅमिनेट करायला दुकानात आणली.

परबकाकांनी नकार दिला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, त्यात मालक शेजारी उभा, व्हिसा मालकाच्या हातात. तरी म्हणाले, "मफी प्लास्टिक, बाबा. कागद अंदर मर जाएगा. खलास." मालक चिडला, दोघांच्या मध्ये येऊन माफी मागू लागला. अबू यासिरांनी त्याला हाताने थांबवलं आणि परबकाकांना विचारलं, "मग काय करायचं?" काकांनी एक पत्र उजेडात धरून, कुठे आधी कुणी चिकटपट्टी लावली आहे, कुठे शाईनेच कागद खाल्ला आहे, कुठली घडी उलटी घातली गेली आहे, ते त्या मोडक्यातोडक्या आखाती हिंदीत समजावलं. पुढल्या शुक्रवारपासून ते सुट्टीच्या दिवशी या खोल्यांवर जायला लागले. दोन वर्षांनी अबू यासिरांनी त्यांचा व्हिसाच आपल्याकडे करून घेतला.

आता अडचण अशी, की परबकाकांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं ओळखायचे, पण जोडून लिहिलेलं इंग्रजी म्हणजे त्यांच्या भाषेत 'कोंबडेचे पाय'. एका शुक्रवारी चर्चमधून मिस्सा करून मी सूकमध्ये मासळी मसाला घ्यायला गेले, तर ते वाटेत भेटले आणि मला जवळजवळ ओढूनच वर घेऊन गेले. टेबलावर काचेखाली एक पत्र होतं, पांढऱ्या पातळ जपानी कागदाचे तुकडे, खळीची वाटी, बारीक ब्रश. म्हणाले, "कागद काय म्हणता ता माका कळता. बाई काय म्हणता ता कळणा नाय. ता तू सांग."

अशी मी त्या खोल्यांची झाले. अबू यासिरांना पत्रांची इंग्रजीत यादी करून हवीच होती, तीही माझ्याकडे आली. मिस्सा झाली की मी सूकमध्ये जायची. अबू यासिर नमाजाला गेलेले असायचे. काका पत्र दुरुस्त करायचे आणि मी ते मराठीत सांगत जायची. कोरा लिहायची, गाढवांवरून पाणी येतं, त्याला चामड्याचा वास असतो. लिहायची, टोमॅटोचं बी पाठव, मागच्या वेळचं उगवलं पण बकरीने खाल्लं. रूथच्या लग्नाला जाता आलं नाही, त्याबद्दल तिने चार पत्रं लिहिली, आणि चौथ्यात शेवटी कबूल केलं की जाता आलं असतं, पण जावंसं वाटलं नाही. हे ऐकून काकांचा ब्रश थांबला. "खरी बाई," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला ते गेले नव्हते. रजा मिळाली नाही, असं घरी कळवलं होतं. ते त्यांनी मला खूप नंतर, असंच काम करता करता सांगितलं.

मी काही फार चांगली वाचक नव्हते, हे इथे लिहायला हवं. आठवडाभर ऑफिस, घरी सनाबिसला मुलीची शाळा, नवऱ्याच्या शिफ्ट, शुक्रवारी मिस्सा, आणि त्यानंतर ही सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची पत्रं. कंटाळा यायचा. मग मी पानभर मजकूर दोन वाक्यांत उरकायची. काकांना ते बरोबर कळायचं. "दोन पानां भरल्यान तिना, आणि तू दोन वाक्यात सांगतंस? बाकीच्या काय, रांगोळी काढल्यान?" मग पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागे. माझी रिया कधी बरोबर असली तर खो खो हसायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते इंग्रजीत. काका तिच्याशी मालवणीत बोलायचे आणि ती इंग्रजीत. दोघांचं कधी अडलेलं मी पाहिलं नाही.

एका शुक्रवारी असंच एक पत्र होतं, महायुद्धाच्या काळातलं. तेव्हा कागदाची चणचण असावी, कोरा समासातसुद्धा आडवं लिहायची. मी वरवर डोळा फिरवून सांगितलं, "तापाची साथ आहे म्हणते. काम खूप आहे. उकाडा आहे."

 पानाच्या मध्यावर एक बारीक भोक होतं, त्यावर काका जपानी कागद बसवत होते. त्यांनी घडी घालायच्या हाडाच्या पट्टीचं टोक त्या भोकाशी नेलं. "हय काय लिवल्यान?"

"काका, तिथे भोकच आहे. काय वाचू?"

"ह्या भोक किड्यान पाडूक नाय. हय निब आरपार गेलीहा. इतक्या पत्रात तिना कधी इतको जोर लावूक नाय. बघ नीट."

मी भिंग घेतलं. भोकाच्या आजूबाजूची अक्षरं लावत लावत वाचलं. 'आपला सखाराम मंगळवारी पहाटे गेला.' इंग्रजीत तिने 'सॅकाराम' असं लिहिलं होतं, म्हणून माझी नजर त्यावरून तशीच पुढे गेली होती. त्याच्या खाली लिहिलं होतं की तो वेंगुर्ल्याच्या बाजूचा, दवाखान्याचा कंपाउंडर. साथीत तेरा दिवस घरी न जाता रोग्यांना औषधं देत राहिला आणि चौदाव्या दिवशी स्वतः पडला. सिंधी व्यापाऱ्यांपैकी काहीजण आले आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला घेऊन गेले.

 काकांनी खळीची वाटी झाकून ठेवली. "वेंगुर्ल्याचो..." ते म्हणाले. "माझ्या गावापासून तासाचो रस्तो, बाय. आणि आज मी तेच्या मरणाक ठिगळ लावतंय, आणि माका म्हायतच नाय." त्या दिवशी त्यांनी पुढे काम केलं नाही. मला ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरची पत्रं मी एक शब्द न गाळता वाचली. तीन महिन्यांनंतरच्या एका पत्रात कोराने बहिणीला कळवलं होतं, की सखारामच्या बायकोला लिहिलेलं पत्र पत्ता अपुरा म्हणून हिंडून हिंडून परत आलं. 'ते तुझ्याकडे पाठवते आहे, कारण इथे वाळवी लागेल. फेकू नकोस. नीट पत्ता मिळाला की मी पुन्हा पाठवीन.' आम्ही ट्रंकेतली पाकिटं काढून बसलो, आणि ते सापडलं. पत्ता म्हणजे नुसतं सखारामचं आणि त्याच्या वडिलांचं नाव, 'देवळाजवळ', वेंगुर्ला, इंडिया. पाकीट वरून शिक्क्यांनी काळं झालेलं. आत इंग्रजीतलं दोन पानी पत्र आणि एक फोटो. पांढऱ्या कोटातला तिशीचा माणूस, मागे औषधाच्या बाटल्यांची फळी, एक खांदा थोडा वर.

पुढे जे झालं ते दोन म्हाताऱ्यांचं भांडण. तेव्हा दोघे फारसे म्हातारे नव्हते, पण हट्ट म्हातारपणाचाच होता. काकांचं म्हणणं, हे पत्र वेंगुर्ल्याला गेलं पाहिजे. अबू यासिरांचं म्हणणं, कॉपी ने, हवा तर फोटोही मोठा करून ने, पण मूळ कागद या खोलीच्या बाहेर जाणार नाही. रूथच्या नातवंडांनी विश्वासाने पाठवलंय, आपण सांभाळणारे आहोत. मी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होते. काका हिंदीवरून मालवणीवर आले. "तेंका सांग, पत्र ज्याच्या नावाचा, तेचा. लिवणाऱ्याचा नाय, सांभाळणाऱ्याचा नाय. पाकिटार नाव कोणाचा हा? वाच म्हणा." मी सांगितलं. अबू यासिरांनी पाकीट हातात घेऊन नाव वाचलं. मग म्हणाले, "त्याला सांग, आधी माणूस शोध. मग बोलू." त्यानंतर पाच-सहा आठवडे दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोलत. चहा मात्र काका करून देत होते, आणि अबू यासिर पीत होते.

त्या वर्षी काका रजेवर गेले ते पत्राची आणि फोटोची कॉपी घेऊन. घरी दोन दिवस राहिले आणि वेंगुर्ल्याच्या आसपासची गावं पालथी घालायला निघाले. देवळाजवळ, एवढाच पत्ता. त्या भागात देऊळ नाही असं गाव कुठलं? रोज सकाळी एसटीने जायचे, देवळात बसायचे, म्हाताऱ्या माणसांना विचारायचे. संदेश वैतागला होता. बाबा रजेवर आलेत आणि लोकांच्या घरचं सुतक शोधत फिरतायत, असं तो मला नंतर म्हणाला. बाविसाव्या दिवशी माझा फोन वाजला. मी ऑफिसात होते. व्हिडिओ कॉल, पडद्यावर काकांचं नाक आणि मागे माडाचे झाप.

"फिलूबाय, गावली. चेडू गावला तेचा. तू वाच."

"आत्ता? काका, मी कामावर आहे."

"वाच गो. माका इंग्रजी वाचूक येणा नाय, हेंका येणा नाय. मी फोटो दिलंय हातात, आणि आता तू पत्र वाच."

मी जिन्यात गेले. सीफमधल्या आमच्या टॉवरमध्ये जिने कुणी वापरत नाही, तिथे पायरीवर बसले. पत्राचं मराठी मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. काकांनी फोन फिरवला. खळ्यात खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, पंच्याहत्तरीच्या पुढची, मांडीवर फोटो उताणा. सखारामची मुलगी, शेवंती. बाप इकडे निघाला तेव्हा ती आईच्या पोटात होती. बापाचा चेहरा तिने त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. पैसे यायचे बंद झाले, पत्रं बंद झाली, आणि गावाने ठरवून टाकलं की सखारामने अरबांकडे दुसरं घर केलं. आई विश्वास ठेवत नव्हती, पण खोडून काढायला तिच्याजवळ काही नव्हतं. ती मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. कोणी नावं ठेवली तर म्हणायची, मेल्याची चिठी येवंदे, मगे पुसतंय.

मी वाचलं. कोराने लिहिलं होतं, 'तुमचे पती आमच्याबरोबर चार वर्षं होते. ते हात दोनदा धूत आणि इतरांनाही धुवायला लावत. त्यांना तुमच्या घरची आमसुलं आवडत, आणि ती संपली की ते उदास होत. मूल झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या दवाखान्याला खजूर वाटले. ते मुलीसाठी कापड घेऊन ठेवणार होते. ताप चढला तेव्हा ते तुमच्या भाषेत बोलत होते आणि आम्हांला समजत नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.'

 मी थांबले तशी शेवंतीआजी म्हणाली, "खजूर वाटल्यान, ता परत वाच."

मी परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, तेही वाचलं. जिन्यात माझा आवाज वरपर्यंत घुमत होता. मग ती काकांकडे वळून म्हणाली, "चेडू झाला म्हणान वाटल्यान?"

"होय गे."

"तेका जाळूक कोण होतो?"

काकांनी सांगितलं, सिंधी व्यापारी होते, रीतीप्रमाणे केलं. ती मान हलवत राहिली. "कोणतरी होतो मगे," ती म्हणाली. "माझी आवस विचारी गो, कोण होतो काय एकटोच गेलो." मग पदराने फोटो पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती, कॉपी नवीकोरी होती. त्यानंतर तेराव्या दिवशी तिच्या मुलांनी आजोबांचे दिवस घातले. काका तेवढ्यासाठी पुन्हा गेले आणि जेवून आले.

मी तो सगळा प्रसंग पुढच्या शुक्रवारी अबू यासिरांना सांगितला.  काका परतले त्या दिवशी टेबलावर पाकीट काढून ठेवलेलं होतं, मूळ. "त्याला सांग," ते मला म्हणाले, "त्याचं बरोबर होतं." काका माझ्या सांगण्याची वाट न पाहता म्हणाले, "शुक्रन, बाबा." तेवढं त्यांना कळलं होतं. नाताळला मी वसईला गेले तेव्हा पाकीट माझ्या पर्समध्ये होतं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये शिवलेलं, आणि तिथून मी संदेशबरोबर वेंगुर्ल्याला गेले. शेवंतीआजीने ते दोन्ही हातांत घेतलं, नाकाशी नेलं, वळून आत जाऊन देवापुढे ठेवलं. आम्ही जेवलो. निघताना ती पाकीट परत घेऊन बाहेर आली. फोटो काढून घेतला होता, पत्र आत होतं. म्हणाली, "हय वाळवी लागतली. माझ्या मागे पोरां खय ठेवतली, देव जाणे. थय इतकी वर्सां ऱ्हवला, थयच ऱ्हवांदे. पण आमचा म्हणान ऱ्हवांदे." आणि नातवाकडून एक चिठ्ठी लिहून घेऊन तिच्याखाली अंगठा उठवला, की हे पत्र मला मिळालं. त्या दोन खोल्यांमधल्या हजारो अमेरिकन कागदांत शाईने लिहिलेला तेवढाच एक मराठी कागद आहे. परबकाकांनी त्यासाठी वेगळा फोल्डर केला. शेवंतीआजी तीन वर्षांनी गेली.

मला वाटतं काकांच्या आयुष्यात यापेक्षा मोठं असं काही घडलं नाही, आणि त्यांना त्याची हौसही नव्हती. कुणी विचारलं तर सांगायचे, "मी काय केलंय? पोस्टमनचा काम." त्यानंतर सात वर्षं ते रोज नऊ ते पाच पत्रांवर काम करत राहिले. डोळे अधू झाले तसा दिवा मोठा आणला. रजेवर जायच्या आदल्या शुक्रवारी मी गेले होते, पण रियाच्या क्लासची घाई होती म्हणून अर्ध्या तासातच निघाले. "येतंय रे महिन्यान," ते जिन्यापर्यंत येऊन म्हणाले. मला 'रे' म्हणाले, चुकून. मी हसले आणि उतरले. तेवढंच.

ते गेल्यानंतर पाचव्या शुक्रवारी अबू यासिरांनी मला बोलावलं. त्यांना एक विचारायचं होतं. पत्रांच्या प्रत्येक फोल्डरच्या आतल्या बाजूला, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलेलं आहे, सगळ्यांवर. ही लिपी तुझी ना? इतकी वर्षं मी फोल्डर बाहेरून पाहिले होते, यादीचे नंबर टाकले होते. आत कशाला बघणार? मी एक उघडला. परबकाकांचं अक्षर, मुळाक्षरं गिरवल्यासारखं सुटं सुटं. 'शाई पातळ केली. पैसे नसतील.' दुसरा. 'बकरीचे पत्र. हसली असेल लिहिताना, ओळ वर गेली.' तिसरा. 'बहिणीचे लग्न. चार वेळा कागद बदलला. मी पण गेलो नाही.' जे मी वाचून सांगत होते ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी जे सांगू शकत नव्हते ते लिहिलं होतं, कागदाने त्यांना सांगितलेलं.

अबू यासिर वही घेऊन समोर बसले. मी एकेक फोल्डर उघडून मराठीतून इंग्रजीत सांगत गेले आणि ते उतरवून घेत गेले. कंटाळा आला नाही. दुपारी त्यांची नमाजाची वेळ झाली तरी उठेनात, मीच आठवण केली. ते गेल्यावर मी शेवटच्या फोल्डरकडे आले. रजेवर जाण्यापूर्वी काकांनी दुरुस्त केलेलं पत्र, कोराचं उतारवयातलं, अक्षर मोठं आणि विरळ झालेलं. ते यादीत चढलं नव्हतं, कारण त्या शुक्रवारी मी लवकर निघाले होते. आत पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हात कापतो आहे. पण कागद चांगला घेतला, कोणी भेट दिला असेल. फिलूबायला विचारणे, बाई घरी पोचली काय.'

मी दिवा लावला, पत्र काचेखाली सरकवलं, आणि रिकाम्या खोलीत पहिल्या ओळीपासून, एक शब्द न गाळता, मराठीत मोठ्याने वाचायला लागले.